आठ दिवस पांढऱ्या फडक्यामागे : माकडतापावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांशी गप्पा

तिळारीकर (धागाकर्ता) | २ मार्च, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात संशोधकांच्या एका चमूबरोबर आठ दिवस आमच्या दोडामार्ग तालुक्यात (सिंधुदुर्ग) फिरलो. माझं काम गाडी हाकायची, वाटा दाखवायच्या आणि मालवणीचं त्यांना कळेल असं मराठी करायचं. चमूत गोचिडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई, एक पशुवैद्य आणि वानरांच्या मागे हिंडून हिंडून स्वतःच काटकुळा झालेला एक तरुण. नावं देत नाही. गप्पा गाडीत, टपरीवर आणि आमच्या पडवीत झाल्या, मुलाखत म्हणून नव्हत्या.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आजूबाजूच्या गावांत माणसं तापाने फणफणली. शास्त्रज्ञ पोचण्याआधीच गावकऱ्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली होती, कानडीत त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे (आताची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था) लोक, त्यात टेलफर्ड वर्क हे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, धावत गेले. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली भीती होती पीतज्वराची, जो भारतात कधीच नव्हता. निघाला भलताच विषाणू, आणि तो पसरवणारे निघाले गोचीड.

कित्येक वर्षं हा आजार कर्नाटकातच होता. मग २०१३ च्या सुमारास वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातली सत्तरी आणि २०१६ च्या सुरुवातीला आमचा दोडामार्ग. पुढल्या वर्षी बांद्याकडे. त्या वर्षी आमच्या वाडीत काय घबराट होती ते लिहीत बसत नाही. काजू झाडाखाली कुजले पण कुणी उचलायला गेलं नाही, एवढंच सांगतो.

आता पांढरं फडकं. पहिल्या दिवशी सकाळी बाईंनी पिशवीतून फ्लॅनेलचं पांढरं कापड काढलं, काठीला बांधलं आणि आमच्याच काजूच्या बागेत पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांवरून, हळूहळू ओढत चालायला लागल्या. दर थोड्या अंतराने थांबायचं, कापड उलटं करायचं, निरखायचं. जेवायला कुणीतरी आलं अशा समजुतीने गोचीड कापडाला चिकटतात. मी वाकून वाकून बघितलं, काही नाही. बाई म्हणाल्या, "खसखस शोधा." मग दिसली. खसखस चालत होती.

माझी आजवरची समजूत अशी की गोचीड म्हणजे बैलाच्या कानामागे असतो तो, वाटाण्याएवढा टपोरा. बाई म्हणाल्या, तो रक्त पिऊन तट्ट फुगलेला. माणसाला ताप देतो तो याचा अर्ध्या वयाचा भाऊ, निम्फ. अंड्यातून निघतं ते सहा पायांचं पिल्लू, ते उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड यांच्यावर एकदा जेवतं आणि खाली पडतं. कात टाकून त्याचा आठ पायांचा निम्फ होतो, तो पुन्हा एकदा जेवतो आणि खाली पडतो. मग मोठा होऊन गुरांवर किंवा गव्या-सांबरांवर चढतो. आयुष्यात जेवणं तीनच, पण पहिल्या जेवणात विषाणू मिळाला तर तो कात टाकल्यावरही अंगात राहतो आणि पुढच्या जेवणाच्या वेळी यजमानाला मिळतो. निम्फ वळवळतात ते थंडी ते उन्हाळा, म्हणजे नेमके काजूच्या हंगामात. पावसात हा ताप जवळपास नाहीसा होतो. म्हणून भर पावसात फणफणलेल्या माणसाला आमच्याकडे आधी लेप्टो विचारतात आणि फेब्रुवारीत फणफणलेल्याला माकडताप.

आता ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट.

चमूकडे एक छापील प्रश्नावली होती. तिसरा-चौथा प्रश्न होता, 'गेल्या महिनाभरात तुम्ही जंगलात गेला होता का?' मी इमानेइतबारे विचारत होतो. पहिल्या दिवशी अकरा घरं झाली, अकरांपैकी नऊ जणांचं उत्तर 'नाय'. बाई वहीत लिहीत होत्या, चेहरा पडत चालला होता. बाराव्या घरी एक काकी बसल्या होत्या, पदराला काजूच्या बोंडाचे डाग, बाजूला नुकता आणलेला पातेऱ्याचा भारा. त्याही म्हणाल्या, "जंगलात? माका काय वाघ होयो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे जंगल म्हणजे फॉरेस्टवाल्यांचं, लांबचं, वर डोंगरात. काजूची बाग म्हणजे बाग. भरडावर (डोंगरउताराच्या वरकस जमिनीत) गुरं सोडली तर भरडावर. पातेरा आणला तो परड्यामागून, घराच्या परसामागून. कुणीच खोटं बोलत नव्हतं, आम्हीच चुकीचं विचारत होतो. संध्याकाळी बाईंना सांगितलं तर त्या गाडीत पाच मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आरोग्य खात्याचा 'जंगलात जाऊ नका' हा फलकसुद्धा तुम्ही सगळे असाच वाचत असणार."

असाच वाचतो. फलकाखालून भारा घेऊन जातो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही 'काल सकाळपासून कुठे कुठे गेलात ते सांगा' एवढंच विचारायला लागलो. मग जे कळायला लागलं त्याची तऱ्हाच वेगळी. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, हात दुखले.

---

श्रीमती_चौकस | २ मार्च, रात्री १०.१५

किती सुरेख लिहिलंय! ती प्रश्नावलीची गोष्ट वाचून आमच्या सोसायटीतलं सर्वेक्षण आठवलं, पण ते असो.

दोन भाबडे प्रश्न. हा ताप माणसाकडून माणसाला होतो का? आणि आमचा कुत्रा महिन्यातून एकदा मुळशीकडे फिरायला जातो, त्याच्या अंगावर गोचीड असतात, आम्ही घाबरायचं का?

---

तिळारीकर | २ मार्च, रात्री १०.३२

माणसाकडून माणसाला नाही. बाईंच्या शब्दांत, विषाणूसाठी माणूस म्हणजे चुकून लागलेली बंद गल्ली. कुत्र्यावरचा गोचीड सहसा वेगळ्या जातीचा असतो, त्याचे वेगळे त्रास आहेत, ते पशुवैद्याला विचारा. माकडतापाचा मुख्य गोचीड, हिमोफायसॅलिस स्पिनिजेरा, रानातल्या पातेऱ्यातला. नाव लिहायला मला तीन दिवस लागले.

---

रत्नांग्रीचो | ३ मार्च, सकाळी ७.०५

गोचीड, फडकं, खसखस सगळं ठीक. पण मूळ आजार आणतात माकडं, मग वानर आणि केलटी (तांबड्या तोंडाची माकडं) पकडून नेत का नाहीत? आमच्याकडे भुईमूग सोडून दिला, केळी सोडून दिल्या, आता नारळाच्या कोवळ्या शहाळ्यांना भोकं पाडतात. वर रोगपण देणार. शहरात बसून वन्यजीव वन्यजीव करणाऱ्यांनी एक हंगाम आमच्या बागेत राखणीला बसावं. शास्त्रज्ञांना हे विचारलंत का?

---

तिळारीकर | ३ मार्च, दुपारी १.२०

विचारलं. तुमच्याइतक्याच तावातावाने माझ्या काकांनी विचारलं, जेवणाच्या पंगतीत. (आमच्याकडे केलटी नाही, केलडी म्हणतात, पण शिव्या त्याच.)

माकडवाल्या मुलाने भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, काका, नुकसानीचा प्रश्न खरा आहे, त्याची भरपाई मागा, मीही सही करतो. पण तापाचा हिशेब वेगळा आहे. माकडाला हा विषाणू होतो तेव्हा ते मरतं. ज्याच्या घरात मढं पडतंय त्यालाच तुम्ही चोर म्हणताय. विषाणू वर्षभर टिकतो तो गोचिडांत आणि बारक्या जनावरांत, उंदीर-चिचुंद्र्यांत. माकडं सगळी नेलीत तरी तो जागच्या जागी राहील, फक्त तो आलाय हे तुम्हाला सांगायला कुणी उरणार नाही.

हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे शेकडो गोचीड थंड पडलेल्या अंगावरून उतरतात आणि तिथेच पातेऱ्यात पसरतात. तेवढा तुकडा काही काळ फार धोक्याचा. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, फरफटत नेऊन पुरायचं नाही, जवळ जायचं नाही, लगेच वनखात्याला किंवा गुरांच्या दवाखान्यात कळवायचं. ते नमुने पुण्याला पाठवतात आणि त्या जागेभोवती मॅलॅथिऑन हे कीटकनाशक मारतात. काका म्हणाले, "गेल्या वर्साक दोन मेलेली, आम्ही काठयेन लोटून व्हाळात टाकली." मुलाने कपाळाला हात लावला.

आणि खरं दुखणं पशुवैद्यांनी सांगितलं, ते ऐकून काकाच गप्प झाले. मोठ्या गोचिडाचं मुख्य जेवण गुरं. गुरांना ताप येत नाही, त्यांच्यामुळे विषाणू वाढत नाही, पण गोचीड मात्र वाढतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि हजारो अंडी घालते. गुरं रानात चरायला जातात, संध्याकाळी येतात, आणि रान ते गोठा अशी गोचिडांची जा-ये त्यांच्याच पाठीवरून होते. १९६० च्या दशकात होर्हे बोशेल नावाचे कोलंबियन शास्त्रज्ञ शिमोग्यात काम करत होते, त्यांनी तेव्हाच मांडलं होतं की माणसाने जंगलात शेतं काढली, गुरं आणली, त्यातून हा रोग उफाळला. हे बोशेल त्याआधी दक्षिण अमेरिकेत जंगलातल्या पीतज्वरावर काम करून आलेले. इतक्या लांबचा माणूस येऊन आमच्या गोठ्याचं निदान करून गेला.

---

खवचट_खेकडा | ३ मार्च, दुपारी १.४४

म्हणजे आता माकडांऐवजी गाईंवर आळ. धागा राजकारणाकडे जायच्या आत पॉपकॉर्न आणतो.

---

वैद्यबुवा | ३ मार्च, रात्री ८.५०

कोकणात ग्रामीण भागात काही वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्द.

गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, आणि येतो तो अचानक. सकाळी माणूस बागेत, संध्याकाळी अंथरुणात. डोकं ठणकतं, कंबर-पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. बहुतेक जण दोनेक आठवड्यांत बरे होतात, पण काही रुग्णांत फसवाफसवी असते. ताप जातो, घरचे सुस्कारा टाकतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ताप, या वेळी मान आखडणं, थरथर, भ्रम. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीन ते पाच सांगतात. विषाणू मारणारं औषध नाही. सलाइन, रक्तघटक, लक्ष ठेवणं, एवढंच हातात आहे, पण तेवढं वेळेवर मिळालं तर माणसं वाचतात.

दोन गोष्टी कळकळीने. ताप आल्यावर मनाने ऍस्पिरीन, ब्रुफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरला आपणहून सांगा की मी काजूच्या बागेत होतो, पातेरा उचलला होता. मीही अनेक वर्षं 'जंगलात गेला होता का' असंच विचारत आलो. वरचा लेख वाचून आज जरा ओशाळलो.

एक जुनी आठवण ज्येष्ठांकडून ऐकलेली. सुरुवातीच्या काळात या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतले लोकच आजारी पडत. आता असल्या विषाणूंसाठी पुण्यात एनआयव्हीची सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे, २०१२ मध्ये सुरू झालेली. तिथे माणसं अंतराळवीरासारखा पोशाख घालून काम करतात.

---

म्यूनिकचा_मालवणी | ४ मार्च, पहाटे २.१०

वाचता वाचता अंगावर काटा आला, कारण याचा चुलतभाऊ माझ्या दाराशी आहे. बव्हेरियात वसंत ऋतू आला की औषधाच्या दुकानात गोचिडाचं भलंमोठं चित्र लागतं. इथल्या गोचिडांतून मेंदूज्वर होतो, तोही याच कुळातला विषाणू. त्याची लस आहे, तीन डोस, मग ठरावीक वर्षांनी एक. बव्हेरियाचा जवळजवळ सगळा भाग धोक्याचा जाहीर केलेला आहे आणि शेजारच्या ऑस्ट्रियात तर ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी ही लस घेतलेली आहे. मी ट्रेकला जातो म्हणून घेतली. शेळीच्या कच्च्या दुधातूनही हा आजार होतो असं कळल्यापासून बायकोने चीज खाणं बंद केलंय, तो तिचा प्रश्न.

माझा प्रश्न असा. श्रीमंतांच्या गोचिडाला लस आणि आमच्या दोडामार्गच्या गोचिडाला नुसतं अंगाला लावायचं तेल (गोचीड चिकटू नयेत म्हणून आरोग्य खातं वाटतं ते), असं का? हीच लस तिकडे चालत नाही का?

---

तिळारीकर | ४ मार्च, सकाळी ११.००

हा प्रश्न मी बाईंना जवळपास याच शब्दांत विचारला होता. त्या हसल्या नाहीत.

तुमच्याकडची लस इथे चालत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी रशियाकडच्या भावंड-रोगाची लस शिमोग्यात देऊन बघितली होती, उपयोग झाला नाही. मग इथल्याच विषाणूची लस तयार झाली, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून, फॉर्मलिनने मारलेला विषाणू. कर्नाटकात ती वर्षानुवर्षं दिली गेली. दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग सहा-नऊ महिन्यांनी एक, मग दरवर्षी एक. सुई फार दुखायची, त्यामुळे लोक पुढच्या डोसांना फिरकत नसत. आणि एवढं करून दोन डोसांनी मिळणारं संरक्षण साधारण बासष्ट टक्के, पुढचा डोस घेतला तर त्र्याऐंशीच्या आसपास, असं २०१३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात निघालं. पुढे लसीची ताकदच कमी पडते म्हणून २०२२ मध्ये ती थांबली. आयसीएमआरने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नवी लस करायला घेतली आहे.

का, याचं उत्तर बाईंनी असं दिलं. "तुमच्या मित्राच्या गोचिडाला सहलीला जाणारी माणसं चावतात. इथे चावतात ती पातेरा उचलणारी बाई आणि काजू वेचणारी मजुरीण. आजार दरवर्षी वेगळ्या कोपऱ्यात, शे-दोनशे माणसांना. एवढ्यासाठी कारखाना कोण काढतो?" एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढे घाट लागला.

---

पक्षीवेडी | ४ मार्च, सायंकाळी ६.३०

या आजाराची एक शाखा आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या घराण्यात येते, ती कुणी सांगितली नाही म्हणून सांगते.

१९५७ मध्ये सापडलेला विषाणू रशियातल्या मेंदूज्वराच्या कुळातला निघाला तेव्हा प्रश्न पडला की सैबेरियाचा पाहुणा शिमोग्यात कसा? संशय गेला स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर, पायाला गोचीड बांधून आले असतील म्हणून. त्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अलींना जे कित्येक वर्षं हवं होतं, पण पैशाअभावी होत नव्हतं, ते १९५९ पासून सुरू झालं. बीएनएचएसने हजारो हजार पक्षी पकडले, पायात कडी घातली, सोडले. कड्यावर 'इन्फॉर्म बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी' आणि एक आकडा. भरतपूरला घातलेली कडी सोव्हिएत रशियातून पत्राने परत यायची.

पक्ष्यांनी हा रोग आणला असं काही सिद्ध झालं नाही. पण धोबी, बदकं, तुतवार कुठून येतात, कधी परततात, हे भारताला कळलं ते या तापामुळे. पुढे अमेरिकी लष्कराशी संबंधित पैसा या कामात होता म्हणून १९७० च्या दशकात संसदेपर्यंत वाद गेला, ते वेगळंच महाभारत. आणि सगळ्यात गंमत म्हणजे क्यासनूरच्या विषाणूचा सख्खा म्हणावा असा भाऊ १९९० च्या दशकात सापडला तो सौदी अरेबियात, उंट-मेंढ्यांच्या परिसरात. सैबेरियाकडे दुर्बीण लावून बसलो होतो आणि नातलग निघाला अरबी समुद्रापलीकडचा.

---

खवचट_खेकडा | ४ मार्च, सायंकाळी ६.५५

आज पहिल्यांदा या संस्थळावर खवचट काही सुचत नाहीये. पक्षीवेडी, यावर स्वतंत्र धागा काढा.

---

मिरगाचा_पाऊस | ४ मार्च, रात्री ९.१२

किंचित अवांतर, पण गुरांचा विषय निघाला म्हणून. आमच्या रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं उरली आहेत, तिथे मी एका अभ्यासकाबरोबर दिवसभर बसलो होतो. त्यांनी सांगितलं, १९९० च्या दशकात भरतपूरला पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना गिधाडांची घरटी रिकामी दिसायला लागली, सगळ्यांनी साथीच्या रोगाचा अंदाज बांधला. २००४ मध्ये कळलं की गुरांना देत त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. दुखऱ्या बैलाला दिलेलं साधं इंजेक्शन. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर शंभरातली सत्त्याण्णवहून जास्त गिधाडं गेली होती. मग मढी उघडी पडली, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. तिथेही आधी आरोप गिधाडांवर रोगाचा, आणि निघाली आमची बाटली.

---

रत्नांग्रीचो | ४ मार्च, रात्री ९.३०

ठीक आहे. माकडांना तापाच्या खटल्यातून सोडलं. शहाळ्यांच्या खटल्यात जामीन नाही.

---

गोठ्यातली_कविता | ५ मार्च, दुपारी ३.१५

मी बांद्याकडची, आज धीर करून लिहितंय. आमच्याकडे दरवर्सा आरोग्यवाले येतत, पत्रका वाटतत, रानात जाव नकात सांगतत. मगे काजी कोण पुंजावतलो? त्यांचो बापूस? गोठ्यात चार गुरा आसत, पातेरो हाडलो नाय तर गुरांखाली काय घालू, पत्रका? तेल दितत, ता घामान धुवान जाता, बाटली चार दिवसांत सपता. माका तुमच्या त्या बाईक एकच विचारूचा हा, पातेरो खयच्या म्हयन्यात हाडलेलो बरो?

---

तिळारीकर | ७ मार्च, रात्री ८.००

कविताताई, तुमचा प्रतिसाद बाईंना फोनवर शब्दशः वाचून दाखवला. 'त्यांचो बापूस' ला त्या इतक्या हसल्या की मला पुन्हा वाचावा लागला.

महिन्याचं उत्तर त्यांनी आधी सरळ दिलं. निम्फ जानेवारीपासून जोरात असतात, म्हणजे त्याआधी आणलेला बरा. हे मी स्पीकरवर ऐकत होतो आणि मागून आई ओरडली, "पातेरो पडताच माघात! दिवाळीत काय झाडां ओरबाडू?" फोनवर शांतता. मग बाई म्हणाल्या, "आईंना फोन द्या."

पुढची वीस मिनिटं मी चहा केला. दोघींचं जे ठरलं ते असं. पातेरा उचलायचा थांबवता येणार नाही, तेव्हा उचलण्याची रीत बघायची. भारा उघड्या मानेवर-खांद्यावर घ्यायचा नाही, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि डोक्याला घट्ट फडकं. झाडाखाली पातेऱ्यावर बसून न्याहारी करायची नाही (आई इथे गप्प झाली, कारण ती तेच करते). तेल रानात निघताना लावायचं आणि घाम आला की परत, सकाळचं एकदा पुरत नाही. घरी आल्यावर कपडे थेट कढत पाण्यात, अंघोळ लगेच, आणि केसांच्या मुळाशी, कानामागे, काखेत, कंबरेला दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यायचं. खसखस शोधायची. भारा पोरं खेळतात त्या खळ्यात किंवा पडवीला लागून रचायचा नाही. गुरांवरचे गोचीड वेचून चिरडायचे नाहीत, गुरांच्या डॉक्टरकडून औषध लावून घ्यायचं.

मग आईने त्यांना एक विचारलं, जे माझ्या आठ दिवसांत मला सुचलं नव्हतं. "पूर्वीपण आम्ही पातेरो हाडू, गुरा तर दुप्पट होती. तेव्हा ह्यो ताप खय होतो?"

बाई म्हणाल्या, हा प्रश्न माझ्या अर्ध्या आयुष्याचा आहे. कर्नाटकात सगळ्या नोंदी नकाशावर मांडून काहींनी अभ्यास केला, २०२० मध्ये छापला. त्यात धोका जास्त दिसला तो सलग घनदाट रानात नाही, तर जिथे दमट रान आणि लागवड एकमेकांत घुसलेली आहे आणि गावठी गुरांची दाटी आहे, तिथे. तुकडा रानाचा, तुकडा बागेचा, पुन्हा तुकडा रानाचा. १९८० च्या दशकात दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडीकडे रान साफ करून काजू लावायला घेतला आणि त्यापाठोपाठ मोठी साथ आली होती. आई म्हणाली, "म्हणजे आमच्या डोंगरार रबर लावलो तसो." बाई म्हणाल्या, "मी बोलले नाही, तुम्ही बोललात."

आमच्या समोरचा डोंगर मी शाळेत असताना काळा दिसायचा, इतकं दाट. आता त्यावर रबराच्या, अननसाच्या, काजूच्या पट्ट्या आहेत, मधे मधे रानाचे पुंजके. त्यातल्या दोन पट्ट्या आमच्याच आहेत. लिहून टाकतो, नाहीतर कुणीतरी विचारणारच.

---

वैद्यबुवा | ७ मार्च, रात्री ९.०५

आईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या त्या नव्या प्रश्नावलीची प्रत मिळेल का? आमच्या ओळखीच्या दोन-तीन डॉक्टरांना द्यायची आहे.

---

तिळारीकर | ७ मार्च, रात्री ९.२०

छापील अजून नाही. 'जंगल' शब्द काढून त्या जागी बाईंनी माझ्याकडून जागांची यादी करून घेतली आहे, प्रत्येकीपुढे चौकोन, काल गेलात तिथे खूण. आतापर्यंतची अशी: काजूची बाग, भरड, सडा, परडं, मांगर, व्हाळाकाठ, कुळागर, गुरांची वाट, लाकडं तोडायची जागा. सत्तरीच्या आणि बांद्याच्या लोकांनी भर घालावी, परवा त्यांना पाठवायची आहे.

---

गोठ्यातली_कविता | ७ मार्च, रात्री ९.४८

राय रवली की! देवाच्या रायेक आम्ही रान म्हणनव नाय. पातेरो तिथलो हाडनव नाय, पण गुरा जातत, आणि वानरा थयच झोपतत.